दोरीचा चौक

"दोरीच्या आत कोण गेलं होतं?"

किसनरावांनी सायकल धुऱ्याला टेकवण्याआधीच विचारलं. वावरात चार खुंट्या होत्या, त्यांना सुतळी ताणलेली, आत फुटलेला कापूस. मधोमध पाच खडे. त्यांवर हळदकुंकू आणि दहीभात.

वेचणाऱ्या बायांतली म्हातारी मैनाबाई पुढे आली. "आमीच गेलतो. सीतादही केली. पयल्या वेचणीच्या दिशी पूजा करतेतच न, साहेब."

"पन इथंच कावून?"

"मंग कुठी? देवमननं दोरी लावून चौक आखून ठेवला. मले वाटलं, बुद्धाचा झाला तरी कापसाची पूजा सोडली नाई लेकरानं."

वावराचा मालक देवमन खाली बघत होता. छप्पनच्या दीक्षेनंतर त्याच्या वावरात पूजा झाली नव्हती. बाया दरवर्षी कुरकुरत, तरी वेचायला येत. "मी पानी आनाले गेलतो," तो पुटपुटला. "सांगाचं राहून गेलं."

"कापूस तोडला का?"

मैनाबाईने ओटी सोडून दाखवली. पहिली बोंडं पूजेला, मग प्रत्येकीने वातीपुरता घेतला होता. कोणी किती, ते आता सांगता येत नव्हतं. ओट्यांत बाहेरचा कापूसही मिसळला होता.

किसनराव सरकारच्या बांधबंदिस्तीच्या कामावर होते; देवमनसारखी दीक्षा त्यांनीही घेतली होती. माती अडवणारे धुरे देवमनने घालू दिले होते. त्याच्या वरच्या अंगाला खुशालराव पाटलांचं उतरतं वावर, तिथे एकही धुरा नव्हता. पावसाळ्यात तिथलं पाणी देवमनचा वरचा धुरा फोडून माती घेऊन जाई. धुरे जमीन खातात, असं खुशालरावांचं म्हणणं. पण दसऱ्याला पारावर त्यांनी शब्द दिला होता: दोन्ही वावरांत सारखे चौक आखा, देवमनचा कापूस जड भरला तर मीही धुरे घालीन. वर हसून म्हणाले होते, "मोजनारा बी त्याइचाच मानूस, तवा भरनच म्हना!"

चौकांच्या जागा गावासमोर चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या. बदलता येत नव्हत्या. खुशालरावांच्या चौकातला कापूस काल वेचून झाला होता. त्याची लाखबंद गाठोडी सायकलला बांधलेली होती.

आणि पांदीतून खुशालराव येताना दिसले.

देवमनची बायको पंचफुला जवळ आली. "भाऊ, मी वेचते चौकातला. वरून ओंजळभर टाकते. जेवढा गेला तेवढाच."

"जेवढा म्हंजे केवढा?"

"धुऱ्यानं पीक वाढलं, हे तुमाले मालूम नाई का?"

"मले मालूम हाये, बाई. म्हनूनच टाकता येत नाई."

खुशालराव येऊन दहीभाताकडे बघत राहिले. "काय हो साहेब, बुद्धाच्या वावरात सीतामाय?"

एक बाई पदराआड हसली.

"पाटील, प्रयोग रद्द," किसनराव म्हणाले. "वेचणीआधी हात लागला."

खुशालराव भांडायच्या तयारीने आले होते. आता भांडायला काही उरलं नव्हतं.

"तुमी तुमची नोकरी संभाळली, भाऊ," देवमन हळूच म्हणाला. "माती मी संभाळीन."

किसनरावांनी वहीतल्या चौकाच्या नोंदीवर रेघ मारली.

पंचफुला तोवर दोरीत शिरली होती. तिचे हात भराभर चालत होते. बोंड न् बोंड वेचून तिने गाठोडी बांधली आणि आणून किसनरावांच्या पायाशी ठेवली. "कागदावर नका लिहू. तागडीत टाका फक्त."

किसनराव थांबले. मग त्यांनी तागडी काढली. एका पारड्यात ती गाठोडी, दुसऱ्यात पाटलांची लाखबंद. दांडी उचलली.

देवमनचं पारडं खाली गेलं आणि गवताला टेकलं.

"माय वं!" मैनाबाई म्हणाली. "आमी नेला तरी?"

खुशालरावांनी वाकून त्या पारड्याखालचं गवत बघितलं. "रद्द म्हंजे रद्दच न, साहेब?"

"व्हय."

त्यांनी आपली गाठोडी काखेत घेतली. निघाले ते देवमनच्या धुऱ्यावरूनच. उभ्या कापसातून जाण्यापेक्षा तीच वाट बरी होती.

किसनराव सुतळी गुंडाळू लागले. बाया पुन्हा कापसाच्या आपापल्या तासाला, ओळीला लागल्या. देवमनने फावडं उचललं. वरच्या फुटक्या धुऱ्याकडे जायची वाट आता मोकळ्या झालेल्या चौकातून होती.

मध्ये पाच खडे होते. तो त्यांना वळसा घालून वर गेला.