मास्तरांचे हायकू, नीरजेची पेटी

आमच्या घरात पेटी वाजवायची नीरजेने आणि नाव कमवायचं ह्यांनी, असा रिवाज होता. हे म्हणजे माझे यजमान, काशिनाथ मास्तर. मालवणात शाळेत भूगोल शिकवायचे. जन्मात कधी पेटीचा भाता ओढला नाही, पण पेटीवर कविता लिहायचे! आणि कविता तरी कसली? तीन ओळींची. मुंबईच्या कुठल्याशा मासिकात जपानी हायकू म्हणून काहीतरी वाचलं आणि झालं, जपान आमच्या पडवीत येऊन बसला. जेवताना भात कालवायचा सोडून बोटांवर अक्षरं मोजायचे. पाच, सात, पाच. आमटी निवली तरी चालेल, अक्षर निसटता कामा नये.

नीरजा आमची एकुलती एक लेक. भजनी मंडळाच्या परशुराम बुवांकडे पेटी शिकायची. हात गोड होता पोरीचा, पण शिकणारं माणूस चुकणारच की नाही? ती चुकली रे चुकली की पडवीतून ह्यांचा आवाज यायचा:

पेटी उघडी
कोमल ग शोधता
मांजर पळे

आल्यागेल्याला चहाबरोबर हा हायकू. लोक हसायचे. हसायला त्यांच्या बापाचं काय जातं? पोरगी आत मान खाली घालून बसायची. मी म्हणायची, "अहो, तिका लागता." तर हे म्हणायचे, "विनोद आसा गो तो, यशोदा. तुका नाय कळाचो." नाही कळायचा! एवढी वर्षं ह्यांचा संसार केला, विनोद मला नाही कळायचा तर कोणाला कळायचा?

पुढे हायकूने भागेना, तेव्हा इंग्रजांकडून लिमरिक आणलं. हे पाच ओळींचं. ते मुंबईच्या एका साप्ताहिकाने छापलं, आणि तेही मुलीच्या नावासकट:

नीरजा आमची पेटीला बसली,
सा लावताच म्हैस उठली;
रे लागला, दावं तुटलं,
ग लागला, कुंपण फुटलं,
म लागेस्तोवर आचऱ्यात दिसली!

आचरा म्हणजे आमच्यापासून कित्येक कोस लांबचं गाव! ह्यांनी पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवसापासून नीरजा बाजारात दिसली की टवाळ पोरं हंबरायची. तिने पेटीवर चादर टाकली ती टाकलीच. गणपती गेले, दिवाळी गेली. बुवा स्वतः येऊन समजावून गेले, पण चादर काही निघाली नाही. ह्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. म्हैस छापून आली होती ना, मग झालं तर.

अशात मुंबईचं स्थळ आलं. मुलगा सत्यवान, बँकेत नोकरीला, मूळ गाव वेंगुर्ल्याकडे. 'मुलगी पेटी वाजवते' असं ह्यांनीच मोठ्या मिजाशीने कळवून ठेवलं होतं. आता वाजवून दाखवणं आलं. नीरजा ह्यांच्या, म्हणजे तिच्या भाईंच्या, समोर जाऊन उभी राहिली.

"भाई, मी वाजयतंय. पण तुमी कविता म्हणायची नाय. एक जरी ओळ म्हटलात तरी मी परत पेटयेक हात लावूचंय नाय. कायमची बुवांच्या घराक धाडतलंय."

"रामेश्वराची शपथ गो," हे म्हणाले. "तोंड उघडूचंय नाय."

माझा ह्यांच्या शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. पोरीचा शब्द मात्र मला ठाऊक होता. त्या दिवशी माझा जीव लग्नात नव्हता, त्या पेटीत अडकला होता.

पाहुणे आले. सत्यवान आणि त्याची आई रुक्मिणीबाई. पोहे झाले. नीरजेने चादर काढली, एक अभंग वाजवला. काय वाजवला! इतके महिने हात नव्हता, तरी बोटं कशी पाण्यासारखी चालली. शेवटाकडे एक सूर जरा घसरला, बस्स. तेवढ्यात सत्यवान खुदकन हसला.

"काका, आचऱ्यापर्यंत गेलेली म्हैस ती हीच पेटी ऐकून का हो? मी वाचलंय ते. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलंय."

मेलं नशीब! ह्यांचा चेहरा असा फुलला की देवाची शपथ कुठल्या कुठे उडाली. मी डोळे वटारले, पण बघतंय कोण? एरवी हे नुसतं वाचून दाखवायचे. त्या दिवशी भजनातल्या गजराची चाल लावली, टाळ्या वाजवल्या आणि ते म्हशीचं लिमरिक गाऊन म्हटलं. रुक्मिणीबाई पदराने डोळे पुसेस्तोवर हसल्या. सत्यवान म्हणाला, "लग्नानंतर मीही लिहायला लागेन. विषय घरातच आहे."

इथेच मास्तर चुकले. मालवणात राहून डबलबारी विसरले! आमच्याकडे भजनाच्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गजरात टोमणा हाणला की दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. उत्तर न देता पेटीवरून उठला तो हरला. वाचलेल्या कवितेला उत्तर नसतं, पण गायलेल्या टोमण्याला असतंच. आणि नीरजा लहानपणापासून बुवांच्या बाऱ्या ऐकत वाढलेली.

मला वाटलं, आता उठेल आणि पेटी जाईल. ती उठली नाही. तिने भाता ओढला, तीच चाल धरली आणि पाहुण्यांकडे बघून खणखणीत गायली:

हसणारो बापूस घरात एक,
वाजवणारी तेची एकटी लेक;
हसणारो घोव आनी कित्याक?
पेटी माझी नाय तुमच्या हशाक;
पाव्हण्यांनू, तुमका पोरी आसत अनेक!

हसणारा बाप आहेच, वर हसणारा नवरा कशाला, असं सरळ तोंडावर! रुक्मिणीबाईंनी अर्धा कप चहा तसाच ठेवला. सत्यवान चपला शोधू लागला. पडवीच्या पायऱ्या उतरेपर्यंत दोघांपैकी कोणी मागे पाहिलं नाही.

मला वाटलं, आता हे डोकं धरून बसतील. मुलीचं स्थळ मोडलं होतं, गावभर बोभाटा होणार होता. तर हे बोटांवर मोजत होते!

"नीरू, शेवटची ओळ जरा लांबली," हे म्हणाले. "पण फक्कड जमला हां! छापूक धाडूया?"

काय बोलावं ह्या माणसाला? नीरजेने पेटी उचलली, माजघरात नेली. बुवांच्या घरी पाठवायला ती फडक्यात बांधते आहे, असंच मला वाटलं. मग आतून सूर आला. तोच अभंग, पहिल्यापासून. बारी जिंकलेला पेटी सोडतो होय?

हे वाहवा करत आत निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"हंयच बसा," मी म्हटलं. "आणि तोंड बंद ठेवन ऐका."

शेवटाकडे पुन्हा तोच सूर घसरला. ह्यांचं तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं. तोंड मिटलं. नीरजेने ती जागा परत घेतली, परत घसरली, परत घेतली, आणि मग ती बरोबर लागली. मास्तर पडवीत मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी लेकीचा अभंग पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.