रेल्वे नसलेल्या तालुक्यातला रूळ

मी एक जुना रूळ आहे. पुरा रूळ नव्हे, हातभर लांबीचा तुकडा. पण तुकडा म्हणून मला कोणी हलकं समजू नये. मला उचलायला आजही दोन माणसं लागतात.

मित्रांनो, माझा जन्म पोलादाच्या कारखान्यात झाला. लालभडक तापलेल्या लोखंडाला यंत्रांनी लाटलं, लांब केलं, आणि माझ्या कुशीवर उठावाच्या अक्षरांत साल छापलं, १९५८. मग मला पुणे आणि दौंडच्या मधल्या वाटेवर जमिनीला जखडलं. सोळा वर्षं माझ्यावरून गाड्या गेल्या. लग्नाची वऱ्हाडं गेली, फौजा गेल्या, गुळाच्या ढेपा गेल्या. मी कधी वाकलो नाही. पण माझं डोकं झिजलं, तेव्हा मला काढलं, कापलं आणि लिलावाच्या ढिगात टाकलं.

त्या ढिगातून मला पिंपरी पेंढारच्या शिवारातल्या एका वस्तीवर आणलं तिथल्याच भिमाजींनी. वस्तीवर तेव्हा चौथीपर्यंतची शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि तिला घंटा नव्हती. भिमाजींनी मला रीतसर पावती करून घेतलं आणि शाळेपुढच्या लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलं. पहिला ठोका त्यांनीच दिला. माझा आवाज ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत गेला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, की आता कुणाला उशीर झाल्याचं निमित्त सांगता येणार नाही.

असा मी शाळेची घंटा झालो. एक ठोका म्हणजे तास संपला. दोन म्हणजे मधली सुट्टी. आणि थांबल्यावाचून ठणठण वाजवलं, की मुलांनी पटांगणात रांगा धरायच्या. तीस वर्षांत किती मुलं माझ्या आवाजावर धावली, सांगता येणार नाही. पण मी कोण, कुठून आलो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. जुन्नर तालुक्यात रेल्वे नव्हती. ती येणार आहे, असं मात्र मी टांगल्या दिवसापासून ऐकत होतो.

२००२ च्या दिवाळीनंतर एक साहेब शाळा तपासायला आले. चौथीच्या वर्गात त्यांनी विचारलं, की आगगाडी वळते कशी? प्राची नावाची मुलगी उभी राहिली. ट्रॅक्टर, ट्रक, एसटी एवढंच तिनं पाहिलेलं. तिनं सरळ सांगितलं, "डायवर ष्टेरिंग फिरवतो."

साहेब हसले. बरोबर आलेल्या दुसऱ्या साहेबांना ते उत्तर पुन्हा ऐकवून हसले. जाताना शेरापुस्तकात त्यांनी लिहिलं, की मुलांचं सामान्यज्ञान दयनीय आहे. प्राची बाकावर बसली ती शाळा सुटेपर्यंत मान वर न करता. आणि मी खिडकीबाहेर दहा पावलांवर टांगलेला होतो. उत्तर माझ्या अंगावर होतं, पण मला कोणी विचारलं नाही. त्या दिवशी शाळा सुटल्याचा ठोका माझ्यावर पडला तो मला फार लागला.

इंद्रायणीबाई चौथीला शिकवत. बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की हलायच्या नाहीत. त्यांनी शाळा समितीपुढे सांगितलं, की यंदाची सहल रेल्वे बघायला जाईल. समितीचे अध्यक्ष कुशाबा यांना ते मुळीच पटलं नाही. सहल दरवर्षी ओझरला, लेण्याद्रीला आणि शिवनेरीवर जाते, तशीच जाईल, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या लांब जाऊन लोखंड काय बघायचं?

बाई म्हणाल्या, "ओझर, शिवनेरी आपल्या घरचीच आहेत. पोरं कधीही जातील. रेल्वे आपल्याकडं यायची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या. मी तिसरी घालवणार नाही. आपणच जाऊ तिच्याकडं."

कुशाबांनी बराच वेळ सुपारी चघळली. शेवटी एका अटीवर हो म्हणाले, की ते स्वतः बरोबर येतील आणि मुलांचं काही वावगं झालं तर तिथूनच गाडी मागं फिरवतील.

कुठं जायचं, हे ठरवून दिलं कुंडलिक यांनी. ते वस्तीवरचेच, पण पस्तीस वर्षं रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज हातोडा घेऊन रुळांच्या कडेनं मैलोन्‌मैल चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून घट्ट करायच्या. त्यांनी वहीच्या पानावर नकाशा काढला. सकाळी तळेगावच्या पुढे एक लहानसं स्टेशन गाठायचं. तिथं वळणावर कुंपणाआडून गाड्या पुढून, मागून आणि बाजूनं दिसतात. दुपारी पुण्यात छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय बघायचं. कोणती गाडी किती वाजता जाईल, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मग ते लिंबाखाली आले. माझ्या कुशीवरचं साल त्यांनी अंगठ्यानं पुसून वाचलं आणि बाईंना म्हणाले, "पोरांना रुळाजवळ जाऊ द्यायचं न्हाई. पन रूळ हाताला लागल्याबिगर कळायचा न्हाई. मंग ह्याला संगं घेऊ."

मित्रांनो, अठ्ठावीस वर्षांनी मी पुन्हा प्रवासाला निघालो. जानेवारीतली पहाट होती. एसटीत अडतीस मुलं, इंद्रायणीबाई, कुंडलिक, कुशाबा आणि सरुबाई. सरुबाई शाळेची खिचडी शिजवत. त्यांच्या घरी मेंढरं होती, आणि मेंढरांमागं त्या पार कोकणाच्या तोंडापर्यंत चालत गेलेल्या. पण रेल्वे त्यांनीही पाहिली नव्हती. मला ड्रायव्हरच्या मागं गोणपाटावर ठेवलं होतं. नारायणगाव, मंचर, चाकण मागं पडलं. मला वळणं कळत होती.

स्टेशनच्या कुंपणाजवळ एका झाडाखाली मुलं भाकरी खायला बसली. कुंडलिकांनी मला खाली उतरवून गोणपाटावर उभं केलं आणि प्राचीला जवळ बोलावलं. गाडीच्या चाकाला आतल्या बाजूनं एक कड असते, ती रुळाच्या आतून चालते, हे त्यांनी तिचा हात माझ्या डोक्यावरून फिरवत सांगितलं. ड्रायव्हर फक्त वेग सांभाळतो. वाट दाखवतो तो रूळ. हे ऐकून मला माझी झीज पहिल्यांदा गोड वाटली.

एवढ्यात एक रेल्वे पोलीस आला. तरणा होता, पण चेहरा करडा. रूळ कुठून आणला, असं त्यानं विचारलं. कुंडलिकांनी सगळी हकीकत सांगितली, खिशातून निवृत्तीचं ओळखपत्र काढून दिलं. पोलिसानं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, की चोरीचा रस्ता आतल्या माणसालाच चांगला ठाऊक असतो. पावती दाखवा, नाहीतर रूळ इथंच राहील आणि तुम्ही माझ्याबरोबर चला.

पावती कुठली? ती भिमाजींच्या पेटीत होती आणि भिमाजी वारून बारा वर्षं झाली होती.  पस्तीस वर्षं ज्या वाटेची राखण केली, त्या वाटेवर कोणी त्यांना चोर म्हणालं होतं. 

मला वाटलं, आता कुशाबा गाडी मागं फिरवणार. त्यांची अटच तशी होती. ते उठले, धोतर झटकलं आणि पोलिसाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"सायेब, ह्यो रूळ न्हाई. आमच्या शाळंची घंटा हाये. मी सोता हिच्यावर शिकलोय, माझी पोरंबी शिकल्यात. खोटं वाटत आसंल तर एकदा वाजवून बघा. मंग आमाला न्या कुठं न्यायचं ते."

 कुशाबांनी माझ्या तारेतून काठी घातली. काठीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं एसटीच्या ड्रायव्हरनं. कुंडलिकांनी बरोबर आणलेला आपला जुना हातोडा उचलला आणि थांबल्यावाचून ठणठण वाजवायला सुरुवात केली.

मी आयुष्यात तसा कधी वाजलो नाही. खरं सांगतो, मी रागानं वाजलो.

मुलं पांगलेली होती. कोणी भाकरी खात होतं, कोणी नळावर होतं, कोणी कुंपणाला नाक लावून उभं होतं. कोणी कोणाला हाक मारली नाही. पण अडतीसच्या अडतीस मुलं धावत आली, पहिलीपासून चौथीपर्यंत चार रांगा लागल्या, पुढच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतलं गेलं, आणि सवयीनं प्रतिज्ञा सुरू झाली. दोघातिघांच्या तोंडात अजून घास होता.

पोलीस पाहत राहिला. मग त्याचेही पाय जुळले. प्रतिज्ञा संपेपर्यंत तो सावधान उभा होता. संपल्यावर त्यानं ओळखपत्र कुंडलिकांना दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाला, "काका, चुकलं माझं." पुढचा सगळा वेळ मुलं कुंपणाच्या अलीकडेच राहतील, हे त्यानंच पाहिलं.

नंतर जमीन हलली. मुलांच्या आधी मला कळलं. मालगाडी आली, वळणावर वाकली, आणि डबे संपता संपेनात. बाकीची मुलं इंजिनाकडे पाहत होती. प्राची मात्र खाली वाकून फक्त चाकं पाहत होती. शेवटचा डबा गेला तेव्हा ती कुंडलिकांना हळूच म्हणाली, "कड दिसली." सरुबाई मेंढरं मोजावीत तसे बोटांच्या पेरांवर डबे मोजत होत्या. त्या म्हणाल्या, "अठ्ठावन्न. आन येकबी मागं ऱ्हायलं न्हाई."

दुपारी पुण्यातल्या संग्रहालयात मुलांनी टेबलाएवढ्या गावातून धावणाऱ्या चिमुकल्या गाड्या पाहिल्या. मला पायरीशी ठेवलं होतं. तिथं आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्यावरचं साल वाचलं. ते जुन्या रेल्वेच्या वस्तू जमवत. त्यांनी बाईंना अगदी प्रेमानं विचारलं, की हा मला द्याल का, मी काचेच्या कपाटात ठेवीन, वर दिवा लावीन. बाईंनी मुलांकडे पाहिलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरीतल्या आरतीनं विचारलं, "मंग शाळा कशी भरंल?"

बाईंनी हसून नाही म्हटलं. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. काचेत चांगलं ठेवतात, जपतात, मी नावं ठेवत नाही. पण ज्याच्या अंगात आवाज आहे, त्यानं गप्प का बसावं?

ते तपासणीचे साहेब पुन्हा कधी आले नाहीत. प्राचीनं उत्तर तयार ठेवलं होतं. ती पाचवीला मोठ्या शाळेत गेली, तरी ते साहेब पुन्हा आले का, असं येता-जाता आमच्या शाळेत विचारायची.

२००६ साली शाळेला विजेची घंटा आली. मला उतरवून भिंतीकडेला टेकवलं. पण त्या वर्षी दिवसातून बारा-बारा तास लाइट जायची. घंटा मुकी राहायची आणि मुलं पटांगणात खेळत राहायची. आठ दिवसांत मला पुन्हा फांदीला टांगलं. माझ्यासाठी कोणाची शिफारस लागली नाही.

मग इंद्रायणीबाईंची बदली झाली. कुंडलिक वारले. नवे गुरुजी आले ते बॅटरीवर चालणारी घंटा घेऊनच. एके दिवशी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. मोडकी बाकं, गंजके पत्रे आणि मी. तारेवरून काढून मला त्याच्या वजनकाट्याजवळ आडवं टाकलं. मला पहिल्यांदा भीती वाटली.

सरुबाई चुलीवरची खिचडी उतरवून आल्या. हात पदराला पुसले आणि सरळ माझ्यावर बसल्या.

गुरुजींनी समजावलं, की हे शाळेच्या भल्यासाठीच आहे. भंगारवाल्यानं सांगितलं, की त्याला पुढं जायचंय. सरुबाई हलल्या नाहीत.

"गुरुजी, ह्यो कोन, कुठनं आला, तुमाला ठावं हाये का? ह्यानं कुनाकुनाला शाळंत आनलं, ते ठावं हाये का? न्हाई ना? मंग आधी इचारा. तवर मी उठत न्हाई. ह्याला उचलायचं आसंल तर मला उचला."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. नवे होते. ते तिथंच बाकाच्या तुकड्यावर बसले आणि त्यांनी विचारलं. सरुबाईंनी सांगितलं, भिमाजींपासून मालगाडीपर्यंत सगळं. भंगारवालाही ऐकत बसला. जाताना तो बाकं आणि पत्रे घेऊन गेला.

आता मी खिचडीच्या शेडच्या वाशाला टांगलेला आहे. मधल्या सुट्टीचे दोन ठोके माझे. माझ्या शेजारच्या भिंतीवर गुरुजींनी खडूनं माझी हकीकत लिहिली आहे आणि ती पुसली की मुलं पुन्हा लिहितात.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे आणि ते मी हात जोडून नाही, ताठ उभं राहून मागतो. जुनी वस्तू काट्यावर ठेवण्याआधी ती कोण, कुठून आली, ते विचारा. ती कोणाच्या कामी आली, ते विचारा. एखाद्याला एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर त्याला हसू नका, ती दाखवायला घेऊन जा. माझं डोकं झिजलं आहे, कुशीवरचं साल गंजत चाललं आहे. पण उद्या दुपारी पिंपरी पेंढारच्या रस्त्यानं गेलात तर क्षणभर थांबा. मी वाजेन, आणि ओढ्यापलीकडं ऐकू जाईल.