ज्यानं सोडलं त्यानंच आणायचं

आल्बननं पेट्रोलची टाकी दाराशी आणून ठेवली आणि इस्मेच्या हातातली पळी टोपातल्या कुकूत, मक्याच्या पिठाच्या त्या घट्ट लापशीत, तशीच उभी राहिली.

टाकी घरी आली म्हणजे होडीचा दिवस संपला. पण आज पाहुणे अजून समुद्रात होते.

"पाहुणे कुठायत?" तिनं विचारलं.

"कुठले पाहुणे?" आल्बन पायरीवर टेकला आणि पायाची वाळू झटकू लागला. "काय शिजवलंयस? वास छान येतोय."

"कॅनडाचे. ग्रॅहम आणि त्याची बायको. सकाळी तू त्यांना वाळूच्या बेटावर नेलंस."

आल्बननं तिच्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा शांत होता, आणि इस्मेला भीती वाटली ती त्या शांतपणाचीच. काही लपवणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

"आज रविवार," तो म्हणाला. "रविवारी मी होडी काढत नाही."

रविवार नव्हता. इस्मेनं टोप चुलीवरून उतरवला. मग ती पदार्थांवर झाकणं ठेवत राहिली, ज्यांच्यावर झाकणं होती त्यांच्यावरसुद्धा.

त्याचं विसरणं तिला नवीन नव्हतं. खिळे आणायला हिल्सबरोच्या बाजारात गेला की खिळे घेऊन यायचा, आणि जेवून पुन्हा खिळे आणायला जायचा. शेडमध्ये खिळ्यांची रास झाली. मेलेल्या भावासाठी पानात मासा काढून ठेवायचा. हे सगळं घरातलं होतं आणि घरातलं घरात ठेवायला इस्मे खमकी होती. शेजारणीनं एकदा नुसतं विचारलं, "आल्बन हल्ली गप्प गप्प असतो, नाही?" तर इस्मे म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानंही तेवढं शिकावं."

पाहुण्यांना घरात दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या सुट्टीचा बेत इस्मेच आखायची. माणसं एवढा पैसा घालून या कारियाकू बेटावर येतात ती काय करायला? काहीच न करायला. पण काहीच न करणंसुद्धा त्यांना जमत नाही, ते कुणीतरी मांडून द्यावं लागतं. पहिल्या दिवशी व्हरांड्यात पाय वर करून बसायचं. मग एक दिवस वाळूचं बेट. मग शनिवारचा बाजार, मग पुन्हा काही नाही. "मधे मधे काही नाही ठेवावं लागतं," ती त्यांना सांगायची, "नाहीतर तुम्ही सुट्टीतही धापा टाकता." पाहुणे हसायचे. बाई किती विचार करते आपला, असं त्यांना वाटायचं.

खरं तर विचार ती आल्बनचा करत होती. बेटाची फेरी सकाळीच, कारण सकाळी त्याचं डोकं स्वच्छ असायचं. आणि सोडून परत यायचं नाही. त्यानं तिथंच थांबायचं, पाहुण्यांना मासे भाजून द्यायचे, स्वतः चार घास खायचे आणि त्यांना घेऊनच घरी यायचं. डोळ्यांसमोर माणसं असली की तो विसरत नसे. एवढ्याशा आधारावर तिनं सगळं तोलून धरलं होतं.

आणि आज सकाळी पायऱ्या उतरताना तो ग्रॅहम डोळा मारून म्हणाला होता, "आज फक्त आम्ही दोघंच, हं." इस्मे त्यावर हसली होती. आता तिला कळलं. त्यांनी आल्बनला सांगितलं असणार, तू जा घरी, आम्हाला न्यायला नंतर ये. आणि आल्बन आज्ञाधारकपणे घरी आला होता.

ती अंगणात आली. वारा नव्हता. आकाशात चिंधीएवढा ढग नव्हता. पण खालून किनाऱ्यावरून आवाज येत होता, गोटे लोळवल्यासारखा, जड, थांबून थांबून. उत्तरेचं उधाण. हे असंच येतं. कुठंतरी दूर वादळ होतं आणि त्याचं पाणी इथं येऊन पोचतं, आणि पाहुण्यांना वाटतं की काय सुंदर दिवस आहे. समोर, पाण्यापलीकडं, रोज दोऱ्यासारखी बारीक पांढरी रेघ दिसायची. ते वाळूचं बेट. आज ती रेघ जाड होती आणि हलत होती.

"देवा," इस्मे म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात वाटेनं डेन्झिल वर आला, हातात दोन मासे लटकवून. खाडीतला तरुण नावाडी, आल्बनच्याच हाताखाली शिकलेला. इस्मेला तो टँटी म्हणायचा, म्हणजे काकू.

"टँटी, काकांसाठी आणलेत. आणि तुझे पाहुणे काय मजेत आहेत गं! मी बेटाजवळून आलो ना आत्ता, दोघंही उभे राहून हात हलवत होते. ती बाई तर टॉवेल फडकवत होती. मी पण हलवला हात."

इस्मेनं विचारलं, "तू थांबला नाहीस?"

"मी कशाला थांबू? आल्बनकाकांचे पाहुणे." डेन्झिलला प्रश्नच कळला नाही. "ज्यानं सोडलं त्यानंच आणायचं. मी उचलून आणले तर काका उद्यापासून माझं तोंड बघणार नाहीत. म्हणतील, मी मेलो का पिऊन पडलो?"

खरं होतं ते. या किनाऱ्यावर दुसऱ्याची माणसं होडीत घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आल्बननंच हे डेन्झिलला शिकवलं होतं.

"पाणी चढतंय, पाहिलंस ना?" डेन्झिल म्हणाला. "काका कधी निघतायत?"

हीच वेळ होती. तिनं फक्त म्हणायचं होतं, बाळा, तू जा. त्याची होडी मोठी, त्याचं डोकं जाग्यावर. पण मग तो विचारणार, काका का नाही? आणि संध्याकाळपर्यंत रमच्या दुकानात बातमी. आल्बन माणसं विसरला. उद्या पोरं त्याच्या पाठीमागं हसणार आणि परवा समोर.

"निघालाच आहे," इस्मे म्हणाली. "ही बघ टाकी दाराशी काढून ठेवलीय. तू काय मला घाई शिकवतोस?"

डेन्झिल मासे ठेवून हसत गेला. त्याची पाठ वळणाआड दिसेनाशी झाली. नवऱ्याच्या अब्रूसाठी आपण दोन जीव पणाला लावलेत, हे तिला लख्ख कळत होतं. आणि तरीही तिनं डेन्झिलला परत हाक मारली नाही.

"आल्बन, ऊठ. होडी काढायचीय."

"कुठं?"

"मला नेशील तिथं. ऊठ म्हाताऱ्या, बायको कधी नव्हे ते फिरायला ने म्हणतेय."

तो खूश झाला. खरंच खूश झाला, आणि ते पाहणं सगळ्यात अवघड होतं.

होडीत मात्र तो पूर्वीचाच आल्बन होता. टाकी जोडली, दोरी खेचली, इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. ही होडी त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली, प्रत्येक फळी त्याच्या ओळखीची. धक्क्यापासून निघताना त्यानं लाटेचा श्वास बघितला, ती उतरताच पुढं सरकला. इस्मेनं दोन्ही बाजूंनी काठ घट्ट धरला. पाणी डोंगरासारखं उचललं जात होतं आणि होडी त्यावरून सावकाश चढत होती, उतरत होती. उतरली की चारी बाजूंना नुसतं पाणी. त्या खड्ड्यात असताना ना घर दिसायचं, ना बेट.

अर्ध्या वाटेत इंजिनाचा आवाज खाली आला.

तिनं मागं पाहिलं. आल्बनचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता, पण नजर कुठंच नव्हती. होडी आडवी होऊ लागली.

"इस्मे," तो हळूच म्हणाला, "आपण कुठं चाललोय गं?"

तिला बेट माहीत होतं, वाट माहीत नव्हती. बेटाभोवती पाण्याखाली खडकांचं कडं, आणि त्यातून आत शिरायची एकच फट. ती फट त्याच्या हातांना ठाऊक होती, आणि त्या हातांचा मालक तिला विचारत होता, कुठं चाललोय. ओरडावं, रडावं, त्याचे खांदे धरून हलवावं असं तिला वाटलं. पण आपण घाबरलो तर हा पार विरघळून जाईल, हेही तिला कळलं. म्हणून तिनं आवाजात रोजचा खवचटपणा आणला. तेवढा आणायला तिला आयुष्यभराची ताकद लागली.

"कुठं म्हणजे? समोर बघ की. ते काय उभे आहेत पाण्यात. डोळे आहेत का बटणं लावलीत?"

आल्बननं मान उचलली.

बेट उरलं नव्हतं. पाण्यातून वर आलेली वाळूची एक पाठ, आणि तिच्यावर दोन माणसं एकमेकांना धरून. प्रत्येक लाट त्यांच्या मांड्यांपर्यंत चढत होती. बाई एका हातानं टॉवेल अजून वर धरून होती, पण आता हलवत नव्हती.

आल्बनच्या अंगात काहीतरी ताठ झालं. दांडा वळला, होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, सरळ झाली.

"कुणी सोडलं यांना इथं?" त्याचा आवाज चढला. "असल्या पाण्यात? कुठल्या गाढवानं?"

इस्मेनं काठ आणखी घट्ट धरला. "असेल कुणीतरी."

"माणसं टाकून घरी जातो? जेवत बसला असेल हरामखोर! अशाची होडी काढून घ्यायला पाहिजे, इस्मे. सांगतो तुला. अशाच्या हातात वल्हंसुद्धा देऊ नये."

"हो," ती म्हणाली. तोंडावर समुद्राचं पाणी उडत होतं म्हणून बरं.

खडकांच्या कड्याजवळ येऊन तो थांबला, मागून येणाऱ्या लाटा नुसत्या जाऊ दिल्या. इस्मेला खालचे काळे खडक दिसत होते, पाणी ओढलं गेलं की उघडे पडणारे, दातांसारखे. ती प्रार्थना सुरू करायची आणि अर्ध्यात शब्द हरवायचे. एकदम इंजिन गर्जलं. एका लाटेच्या पाठीवर बसून होडी फटीतून आत गेली, इतकी सहज, जशी सुई कापडातून जाते.

बाईला त्यानं स्वतः उचलून घेतलं. ग्रॅहम कसाबसा काठावरून आत पडला. दोघांचे ओठ निळे होते.

"ती होडी गेली शेजारून," ग्रॅहम दातावर दात आपटत म्हणाला. "आम्ही ओरडलो! त्यानं हात हलवला आणि गेला!" मग त्याची नजर आल्बनवर स्थिरावली. "आणि तुम्ही... तुम्ही तर म्हणाला होतात..."

इस्मेनं त्याचं मनगट पकडलं. आयुष्यात तिनं कुणापुढं हात पसरला नव्हता, आणि आता तिची बोटं त्या परक्या माणसाच्या ओल्या कातडीत रुतली होती.

आल्बननं आपला सदरा काढून बाईच्या खांद्यावर टाकला. "आता काही भ्यायचं नाही, पोरी," तो म्हणाला. "माझ्या होडीत आलात तुम्ही. ज्यानं सोडलं त्याला मी बघतो."

नोरीन, ती बाई, त्याच्याकडं बघत राहिली. मग इस्मेच्या हाताकडं, आपल्या नवऱ्याच्या मनगटाकडं. तिनं सदरा गळ्याशी घट्ट ओढून घेतला.

"बरं झालं तुम्ही आलात, आल्बन," ती म्हणाली. ग्रॅहमनं तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी कुणी फारसं जेवलं नाही. आल्बन मात्र पोटभर जेवला आणि त्यानं विचारलं, "हे पाहुणे कधी आले?"

सकाळी पाणी उतरलं होतं. इस्मे डेन्झिलच्या दारात जाऊन उभी राहिली. ती कधी कुणाच्या दारात जात नसे, लोक तिच्या दारात यायचे.

"चल," ती म्हणाली. "आल्बनच्या होडीचं इंजिन उतरवायचंय. आणि होडी वर ओढायचीय, भरतीच्या रेघेच्या पार."

"बिघडलं का काही?" डेन्झिल हसत बाहेर आला आणि तिचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "टँटी, काल ती बाई टॉवेल..."

"हो."

"मी हात हलवला, टँटी."

"तुला शिकवलं तसंच तू केलंस. राहिलेले दिवस पाहुण्यांना तूच फिरव. मी सांगेन कधी, कुठं." तिनं मान ताठ केली. "आणि रमच्या दुकानात काही सांगायचं असेल तर आधी माझ्यासमोर सांगून बघ, जीभ टिकते का."

"मी काय सांगणार? मला काय माहितीय?" डेन्झिल म्हणाला. त्यानं चार माणसं गोळा केली. कुणी काही विचारलं नाही. होडी वर आली, समुद्रबदामाच्या झाडाच्या सावलीत, नाळ पाण्याकडं करून. होडीमागं वाळूत खोल चर पडला.

उन्हं चढल्यावर आल्बन घरात दिसेना. इस्मेनं खोल्या पाहिल्या, शेड पाहिली. ती तशीच खाली धावली, पायात काही नाही, डोक्याला रुमाल नाही.

तो होडीत बसला होता. मागं, त्याच्या जागेवर, जिथं इंजिन असायचं तिथं हात ठेवून. समुद्र लांब होता. तिला बघताच तो उठला, पुढं येऊन आपल्या बाहीनं मधली फळी पुसली आणि पाहुण्यांना द्यायचा तसा तिला हात दिला.

"सांभाळून," तो म्हणाला. "इथं पाणी खोल आहे."

इस्मेनं इकडंतिकडं पाहिलं. किनाऱ्यावर जाळी सुकवणारी माणसं होती. सगळी बघत होती. बघू देत.

तिनं त्या कोरड्या, तापलेल्या वाळूत झगा गुडघ्यापर्यंत वर उचलला, भिजू नये म्हणून, आणि त्याचा हात धरून होडीत चढली.