कालाव्हेर्देत पाहण्यासारखं

१. बुरूज

बंदराच्या उजव्या हाताला, खडकाच्या टोकावर. एकशे एकोणीस पायऱ्या. सकाळी नऊच्या आत चढावा, नंतर ऊन पाठ भाजून काढतं. वर पोचलं की तिन्ही बाजूंना समुद्र.

"पायऱ्यांना कठडा आहे का?" ऊर्मिलाकाकूंनी विचारलं.

"आहे. एका बाजूला," कुमुदिनी म्हणाली.

"कुठल्या? माझा डावा गुडघा कामातून गेलाय."

टेबलाच्या पलीकडे तिचा नवरा श्रीरंग यशवंतकाकांना मसालेभात वाढत होता. त्याचा हात थांबला नाही, पण कान इकडे होता.

"उजव्या बाजूला," कुमुदिनी म्हणाली.

"गेनाऊ, बरोबर. मग जमेल." काकूंनी वहीत लिहून घेतलं.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी मंडळींत ही रीतच पडली होती. कुणी सहलीहून आलं की महिन्याभरात एका रविवारी दुपारी बाकीच्यांना जेवायला बोलवायचं आणि काय काय पाहिलं ते सांगायचं. ऐकणारे पुढच्या सुट्टीत नेमके तिथंच जात, त्याच हॉटेलात, जमलं तर त्याच खोलीत. यशवंतकाका आणि ऊर्मिलाकाकू पस्तीस वर्षांपूर्वी इथं आलेले. त्यांनी सप्टेंबरचं बुकिंगसुद्धा करून टाकलं होतं. तिसरी पाहुणी वैभवी. ती कुमुदिनीच्याच ऑफिसातली, त्याच टीममधली, आणि टीमचं रजांचं कॅलेंडर तिच्याकडे असे.

कुमुदिनीनं कालाव्हेर्दे पाहिलेलं नव्हतं.

सिसिलीच्या किनाऱ्यावरचं ते गाव तिला पाठ होतं, कारण तीन महिने तिनं त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. पण ती आणि श्रीरंग फ्रँकफुर्टच्या विमानतळापर्यंतही पोचले नव्हते. टेबलावर हे दोघांनाच माहीत होतं. काल ती कांदा चिरत असताना श्रीरंग मागे येऊन उभा राहिला होता. तिच्या मानेवर हात ठेवून, अगदी शांतपणे म्हणाला होता, "उद्या नीट सांगायचं. मंडळी गेल्यावर आपण दोघंच असणार आहोत."

म्हणून ती नीट सांगत होती.

२. मासळीबाजार

रोज सात ते बारा, सोमवारी बंद. दगडी कमानीखाली. तलवारमाशाचं मुंडकं बर्फात उभं करून ठेवतात, सोंड वर.

"वास मारत असेल," यशवंतकाका म्हणाले.

"तुम्हांला पापलेट दिसलं की वास येत नाही वाटतं," काकू म्हणाल्या. "तू सांग गं. फरशी ओली असते का? घसरायला होतं?"

"ओली असते," कुमुदिनी म्हणाली. "सारखं पाणी मारतात. रक्त धुऊन काढायला."

रक्त फरशीच्या सांध्यांत शिरतं, हे तिला निघायच्या शनिवारी कळलं. सकाळचे दहा वाजले होते. बॅगा दारात उभ्या होत्या. विमान तीनचं होतं. ती फोनवरची यादी वाचून दाखवत होती: पहिल्या दिवशी बुरूज, दुसऱ्या दिवशी बाजार आणि गुहा.

"पहिल्या दिवशी बुरूज हे कुणी ठरवलं?" श्रीरंगनं विचारलं.

"मी. सकाळी ऊन कमी असतं म्हणून."

"तू ठरवलंस."

तिला वाटलं, तो कौतुक करतोय. ती हसली.

त्यानं तिच्या हातातला फोन घेतला आणि फोनच्या कडेनंच तिच्या भुवईवर मारलं. कातडी उसवावी तशी भुवई उघडली. ती डोळा धरून खाली बसली तेव्हा त्यानं बरगडीत लाथ घातली, पायात नवे प्रवासाचे बूट होते. मग दुसरी. तिसरीला तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही, नुसती हवा. नंतर तो बाल्कनीत गेला आणि फोनवर टाच ठेवून गोल फिरला, पेटती सिगरेट विझवतात तसा. परत येऊन त्यानं तिच्या पुढ्यात फडका टाकला.

"पूस. डाग राहतील."

तिनं पुसलं. भुवईतून थेंब पडत होते, त्यामुळे पुसलेली जागा पुन्हा पुसावी लागत होती.

"फोटो दाखव ना," वैभवी म्हणाली. "नुसतं सांगतेयस काय कधीची."

"फोटो कुठले!" श्रीरंग हसत म्हणाला. "बाईसाहेबांनी फोन समुद्रात टाकला. बोटीतून वाकून वाकून फोटो काढत होती. मी सांगतोय, वाकू नकोस, वाकू नकोस. तोल गेला, भुवई आपटली काठावर, फोन गेला तळाला."

"आणि तुमचा?"

"मी डोळ्यांनी बघतो. फोटोबिटो आपल्याला जमत नाही."

यशवंतकाका मनापासून हसले. "बरोबर आहे. आमच्याकडे आठ हजार फोटो आहेत आणि पाहिलेलं काही आठवत नाही."

कुमुदिनीही हसली. हसताना डावा गाल अजून थोडा उशिरा हलायचा.

३. निळी गुहा

बंदरावरून बोट. वीस मिनिटं. गुहेचं तोंड अगदी बुटकं आहे. नावाडी ओरडला की सगळ्यांनी डोकं खाली घालायचं, लाट ओसरली की बोट आत शिरते. आत सगळं निळं. पाणी, हात, दात. आवाज येत नाही. फक्त आपलं रक्त कानात वाजत राहतं आणि डोकं वर काढायचा प्रयत्न केला तरी वरून हात

"किती वेळ थांबतात आत?" काकूंनी पेन सरसावलं.

कुमुदिनी बोलायची थांबली होती. तिला ते काकूंच्या प्रश्नानं कळलं.

"कुठं आत?"

"गुहेत, अगं."

"मोजलं नाही मी," ती म्हणाली. "खूप वेळ वाटतं."

टेबलाखाली श्रीरंगचा पाय तिच्या पावलावर आला आणि तिथंच राहिला. वजन हळूहळू वाढत गेलं.

४. कॅथेड्रल, आणि पुढचं

कॅथेड्रलची ती चार वाक्यं बोलली. लिंबाच्या मळ्यांची दोन. पाऊल सुन्न झालं होतं. श्रीरंगनं काकूंना ताक विचारलं. सगळं संपत आलं होतं. दही, पापड, मग कॉफी, मग मंडळी आपले बूट घालतील आणि जिना उतरतील. तिनं नीट सांगितलं होतं. एक जागा सोडली तर नीटच.

"पण कुमुदिनी," वैभवी म्हणाली. तोंडात घास होता, त्यामुळे अर्धं वाक्य घासातच गेलं. "हे सगळं कधी पाहिलंस तू? तुझे सातही दिवस तर परत आलेत."

"कसले दिवस?" यशवंतकाकांनी विचारलं.

"रजेचे हो, काका."

काकांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा नियम तोंडपाठ असतो: रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरची चिठ्ठी असली, तर ते दिवस रजेतून कापले जात नाहीत. परत मिळतात. पुण्याला जायला साठवता येतात.

श्रीरंगला ते दिवस सोडवले नव्हते. सोमवारी कुमुदिनीचा गाल इतका सुजला की डोळा दिसेना, तेव्हा तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. तळघराच्या जिन्यावरून पडली, असं त्यानंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं. तीही जिनाच म्हणाली. घरी आल्यावर त्यानं तिचा लॅपटॉप उघडला. "सात दिवस रजा का जाळायची? डिसेंबरात लागतील." तिच्या नावानं आजारपण कळवणारी मेल त्यानं स्वतः लिहिली. त्या संध्याकाळी तो तिच्याशी चांगला वागला होता. सूप करून दिलं होतं.

"तिकडे पोट बिघडलं तिचं," श्रीरंग आत्ता म्हणाला. "पण फिरली तशीच. हौस दांडगी."

"मीही तेच समजले, इटलीत जाऊन पडली बिचारी," वैभवी म्हणाली. "मीच मंजूर केले दिवस. पण चिठ्ठी सिस्टीममध्ये आपोआप आली होती. तशी फक्त इथल्या डॉक्टरची येते. तिकडची असती तर कागद पाठवावा..."

ती थांबली. घास गिळला. मग तिनं कुमुदिनीच्या भुवईकडे पाहिलं, आणि मग गालाकडे.

श्रीरंगनं ग्लास उचलून ताक संपवलं आणि तो अलगद खाली ठेवला. त्या ठेवण्यावरून कुमुदिनीला संध्याकाळ कळली. आता नीट सांगितलं काय आणि कसंही सांगितलं काय, मंडळी गेल्यावर तेच होणार होतं. खोटं बोलून वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिनं त्याच्या पायाखालून आपलं पाऊल ओढून काढलं आणि उठली.

"काकू, वही घ्या. दाखवते."

"कुमुद, बस खाली," श्रीरंग म्हणाला.

"या ना. लांब नाहीये."

पाहण्यासारखं

"ही बेडरूमच्या दाराची चौकट. इथं माझा गाल लागला. तीनदा. दुसऱ्या वेळी जो आवाज आला तो हाडाचा. रंग नवा दिसतोय ना? बुधवारी लावला ह्यांनी. खालचा थर गुलाबी होत होता, म्हणून दोन हात द्यावे लागले."

काकू वही छातीशी धरून उभ्या होत्या. यशवंतकाकांनी चौकटीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," श्रीरंग मागून म्हणाला. "जिन्यावरून पडली. मी सांगणारच होतो तुम्हांला, पण तिला लाज वाटत होती. हो ना गं?"

"आणि हे बाथरूम," कुमुदिनी म्हणाली. तिचा आवाज एकसारखा होता, तिलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटत होता. "टबमध्ये अर्धं पाणी. ते थंड असतं. डोकं खाली घालायचं, म्हणजे घातलं जातं. आत डोळे उघडले तर टब निळाच दिसतो. चार वेळा. चौथ्या वेळी मी..."

केस मुळापासून ओढले गेले. छत दिसलं, मग टाइल्स आल्या, अगदी जवळ. कपाळ आपटलं. त्यानं पाहुण्यांसमोर मारलं, याचंच तिला इतकं नवल वाटलं की दुखणं मागून आलं.

"श्रीरंग!" यशवंतकाका मध्ये घुसले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हात पुढे करून, गर्दीत वाट काढावी तसा. श्रीरंगचं कोपर त्यांच्या चष्म्यावर बसलं. काच फुटली, नाकातून रक्ताची धार शर्टावर आली. ते बेसिनला धरून खाली सरकले. टूथब्रशचा पेला त्यांच्यावर पडला.

बाहेर वैभवी फोनवर जर्मनमध्ये पत्ता सांगत होती. रस्त्याचं नाव तिनं दोनदा सांगितलं, घर क्रमांक तीनदा.

कुमुदिनी टब आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गेली होती. श्रीरंग पुन्हा वळला, आणि तेवढ्यात ऊर्मिलाकाकू त्याच्या आणि तिच्या मध्ये फतकल मारून बसल्या. खाली बसायला त्यांना एरवी खुर्ची आणि दोन माणसं लागत.

"आता माझ्या अंगावरून जा," त्या म्हणाल्या.

"काकू, उठा. हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"नाही उठत. उठवून दाखव."

त्यानं त्यांच्या गुडघ्यावर लाथ मारली. धड गुडघ्यावर. काकूंच्या घशातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. पण त्या हलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा पाय पकडला, नखं पोटरीत रुतवली आणि दात आवळून धरून ठेवला. तो त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर मुठी मारत राहिला. एक, दोन, चार. यशवंतकाकांनी खालूनच त्याच्या दुसऱ्या पायाला मिठी घातली. मग श्रीरंग पडला. टबच्या कडेवर त्याची हनुवटी आपटली, तोंडात जीभ चावली गेली, आणि त्या छोट्याशा खोलीत चार माणसं एकमेकांत गुंतून धापा टाकत राहिली. कोणाचं रक्त कोणाचं ते कळत नव्हतं.

५.

पोलीस नऊ मिनिटांत आले. एक पुरुष, एक बाई. श्रीरंगनं उत्तम जर्मनमध्ये सांगितलं, की गैरसमज आहे, बायको आजारी आहे, म्हाताऱ्यांना काही कळत नाही. त्याच्या दातांवर रक्त होतं. पोलीसबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग ती कुमुदिनीसमोर उकिडवी बसली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

कुमुदिनीनं सांगितलं. जिना म्हणाली नाही.

त्याला घरातून बाहेर काढण्यात आलं. काही दिवस इथं फिरकायचं नाही, हे त्याला कागदावर लिहून मिळालं. पोलीसबाईनं हात पुढे केला तेव्हा त्यानं जुडग्यातून घराची किल्ली काढायला फार वेळ लावला. मग लॅपटॉपची बॅग घेतली. जाताना कुमुदिनीकडे पाहून मराठीत म्हणाला, "डिसेंबरात आईला काय सांगणार आहेस?"

ती पोलीसबाईच्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिली.

अँब्युलन्सच्या मुलीनं काकूंचा पाय फळीला बांधला होता. हॉस्पिटलात चला, म्हणत होती. काकू नाही म्हणत होत्या. यशवंतकाका नाकात कापूस घालून बसले होते.

दार लागलं. श्रीरंग पलीकडे होता, पायऱ्या उतरत होता, त्याच्यासोबत पोलीस होता. कुमुदिनीला हे सगळं दिसलं होतं. तरी दाराचा आवाज होताच तिचे दोन्ही हात वर गेले, कोपरं डोक्याभोवती आवळली गेली आणि ती भिंतीला लागून गोळा झाली.

कुणी जवळ गेलं नाही. वैभवीला जायचं होतं, पण काकूंनी डोळ्यांनीच थांबवलं.

"यशवंत," काकू पडल्या जागेवरून म्हणाल्या, "माझ्या बीपीच्या गोळ्या, तुमचं रात्रीचं श्वासाचं मशीन आणि माझे दोन गाऊन घेऊन या. आपण इथंच राहणार, आठवडाभराचं आणा."

"आठवडाभर?"

"मग काय पंधरा दिवसांचं आणता?"

काका चष्म्याशिवाय दाराकडे निघाले, चुकून स्वयंपाकघरात शिरले. वैभवीनं त्यांना धरून आणलं आणि गाडीची चावी आपल्या हातात घेतली. अँब्युलन्सची मुलगी पुन्हा हॉस्पिटलचं बोलू लागली. काकूंनी तिला जर्मनमध्ये बजावलं, की येते, पण ही बाई माझ्यासोबत येणार, ती उठेपर्यंत थांबा.

कुमुदिनीनं एक हात खाली घेतला. दुसरा अजून वरच होता.