तो हात ग्लेनिसचा होता

मी एक शिडी. अ‍ॅल्युमिनियमची, घडीची, चार पायऱ्यांची. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे काढायला माझा जन्म झाला आणि सगळं आयुष्य राजघराण्याकडे बघण्यात गेलं. आज या घरातलं सामान उचलून नेणार आहेत. त्यात माझी गत काय होईल ठाऊक नाही, म्हणून आत्ताच बोलून घेते.

लंडनच्या कॅटफर्ड भागातल्या एका दुकानात बादल्यांच्या शेजारी मी टांगलेली होते. तिथून मला ग्लेनिस टॅपलीने उचललं. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. जन्माने वेल्सची, पण लग्न होऊन लंडनला आली ती इथलीच झाली. शाळेच्या खानावळीत ती मुलांना वाढायची.

"डगमगत तर नाही ना ही?" तिने दुकानदाराला विचारलं.

"बाई, हत्ती चढवा हिच्यावर."

"हत्ती कशाला, मीच चढणार आहे. पडदे लावायचेत. म्हणजे फारसा फरक नाही म्हणा!"

दोघंही हसले. मला ती तिथेच आवडली.

पण पडदे माझ्या नशिबी नव्हते. त्याच आठवड्यात युवराज एडमंडचं लग्न ठरल्याची बातमी फुटली. ग्लेनिसचा नवरा मॉरिस एका मोठ्या खपाच्या वर्तमानपत्रात छायाचित्रकार होता. गर्दीत इतरांच्या डोक्यांवरून फोटो घ्यायला तो एक लाकडी खोका वापरायचा, तो नेमका मोडला होता. "एका दिवसापुरती नेतो, ग्लेन," म्हणाला आणि मला काखेत मारून निघाला. ग्लेनिसने जेवणाच्या खुर्चीवर चढून पडदे लावले. ते एका बाजूने खाली आले, ते तसेच राहिले.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. राजवाड्याबाहेर, चर्चबाहेर, जिथे म्हणून राजाराणी येणार असतील तिथे छायाचित्रकार आदल्या दिवशीच आपापली शिडी कठड्याला साखळीने बांधून जातात. शिडीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. जिथे शिडी तिथे त्या माणसाची जागा. हे लोक एकमेकांच्या बातम्या चोरतील, एकमेकांना चुकीचे पत्ते देतील, पण दुसऱ्याच्या शिडीला बोट लावणार नाहीत. माझ्या कपाळावरही 'टॅपली' असं लिहिलं गेलं, ते आजही आहे. रात्ररात्र आम्ही शिड्या पावसात साखळदंडात उभ्या असायचो. कैदी तरी छपराखाली असतात.

लग्नाचा थाट मी पाहिला. एडमंडची नवरी रोझलिंड, लोकांची लाडकी रोझ. ती दिसली की माणसांना काय व्हायचं कोण जाणे! चांगले पोक्त बँकेतले लोक दिव्याच्या खांबाला मिठ्या मारून वर चढायचे. म्हाताऱ्या रस्त्यावरच मुक्काम ठोकायच्या. आणि माझ्यावर उभा राहून मॉरिस बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "रोझ! इकडे! इकडे बघ, राणी!" स्वतःच्या बायकोला त्याने असं कधी पुकारलेलं मी ऐकलं नाही.

ग्लेनिसचंही वेड कमी नव्हतं. एडमंड-रोझ दोघांच्या चित्राची बशी, दोघांच्या चित्राचा कप, दोघांच्या चित्राचं भांडी पुसायचं फडकं. फडक्याने भांडी मात्र पुसू द्यायची नाही. "त्यांच्या तोंडाने माझी कढई पुसू?" म्हणायची. संध्याकाळी मॉरिस घरी आला की बटाटे वाढता वाढता विचारायची, "आज कशी होती रे ती? खूश दिसली?"

"बघायला वेळ कुणाला आहे? मी फोटो काढत होतो."

वर्षं गेली तशी माझ्या आजूबाजूची भाषा बदलली. आता सगळ्यांचं लक्ष रोझच्या पोटाकडे लागलं. कोट जरा सैल दिसला की पहिल्या पानावर मथळा. पेल्यात पाणी घेतलं की मथळा. पाळणा हलत नाही म्हटल्यावर एडमंडला दुसरी कोणी आहे, अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज आमच्याच कठड्याजवळ जन्माला यायची आणि दुसऱ्या दिवशी 'आतल्या गोटातून' म्हणून छापली जायची.

ग्लेनिस ते वाचून पेपर उलटा घालून ठेवायची. टॅपलींनाही मूल नव्हतं.

मग तो दिवस आला. आमच्याच भागात नवा पोहण्याचा तलाव बांधला होता आणि उद्घाटनाला रोझ एकटीच येणार होती. ग्लेनिसने शाळेतून सुट्टी घेतली. स्वतः विणलेला हिरवा लोकरी कोट घातला. विणताना हिरवी लोकर संपली होती, म्हणून उजव्या बाहीचं टोक तिने तपकिरी लोकरीने पुरं केलं होतं. हातात बागेतली चार फुलं. मॉरिसला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, घरी बस, थंडी आहे.

ती अगदी माझ्यासमोर, अडथळ्याला टेकून उभी होती. रोझ येत होती, हात मिळवत होती, हसत होती. छापील हसू. ग्लेनिसजवळ आली. फुलं घेतली. आणि ग्लेनिस हळूच म्हणाली, "लोकांचं मनावर घेऊ नकोस, पोरी. मलासुद्धा विचारून विचारून भंडावलं होतं. आपण काही कमी नसतो."

रोझचं हसू गळून पडलं. डोळे भरले. तिने ग्लेनिसचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सोडेचना.

वर मॉरिस धडाधड फोटो काढत होता. मला त्याच्या पायांवरून त्याच्या मनातलं कळतं. बायको दिसली असती तर पाय जरा तरी थबकले असते. ते हललेसुद्धा नाहीत. माणूस तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती.

ती त्याला दिसली अंधाऱ्या खोलीत, फोटो धुताना. हे मला कळलं ते घरी, जिन्याखाली उभी असताना. "अगं, तू होतीस ती!" असं ओरडतच तो आत आला होता. त्या रात्री दोघांनी शेरी घेतली. ग्लेनिस लहान पोरीसारखी हसत होती. "माझा चेहरा बरा आलाय ना? तोंड वासलेलं नाही ना?"

"मस्त आलाय. अख्खा फोटो आणून देतो, चौकटीत लावू."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या पहिल्या पानावर रोझचा रडवेला चेहरा होता. कडेला, तपकिरी टोकाची एक हिरवी बाही आणि एक हात. बाकीची ग्लेनिस कात्रीने गेली होती. वर मथळा: नवरा परस्त्रीकडे, रोझला परक्या हाताचा आधार.

लोक म्हणाले, शी! काय ही वर्तमानपत्रं! दुःखात तरी सोडा त्या मुलीला! असं म्हणत म्हणत दुपारपर्यंत एकही अंक शिल्लक ठेवला नाही. सगळा देश विचारू लागला, तो हात कोणाचा? वर्तमानपत्रानेही जाहीर केलं, पुढे या, ओळख द्या. तो हात आपलाच, असं सांगत कचेरीत बायकांची रीघ लागली.

"सांग ना त्यांना, मॉरी," ग्लेनिस म्हणाली. "नुसतं नाव छापा म्हणावं. आणि ती नवऱ्यापायी रडली नाही, हेही सांग."

मॉरिस सांगायला गेला. संपादकाने दार लावून घेतलं, असं तो नंतर म्हणाला. फोटोग्राफरचीच बायको? लोक म्हणतील सगळं आपणच उभं केलं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, काढलास तर नोकरी गेली म्हणून समज.

"मग तू काय म्हणालास?" ग्लेनिसने विचारलं.

मॉरिस बूट काढत बसला. बराच वेळ एकाच बुटाची नाडी सोडत होता. "जाऊ दे, ग्लेन. हातच तर आहे."

ती उठून भांडी घासायला लागली. आणि त्या दिवशी तिने भांडी त्या फडक्याने पुसली.

वर्तमानपत्राने त्यातली ब्रॉम्ली गावची एक देखणी, गोड बोलणारी बाई निवडली. तिने तशीच बाही विणून आणली होती. ती म्हणाली, रोझ माझ्या कानात म्हणाली, मी फार एकटी आहे हो, माझ्यावर कोणाचं प्रेम नाही. देशभर टिपं गाळली गेली. ग्लेनिसने पेपर टेबलावर आपटला. "ती असं म्हणालीच नाही! एक शब्द बोलली नाही ती!"

शेजारच्या डोरीनला तिने सगळं सांगून पाहिलं. डोरीन पोट धरून हसली. "तूसुद्धा का? कालच माझी नणंद हेच सांगत होती. अगं, मग फोटो काढणारा तुझा नवरा काय आंधळा आहे?"

मॉरिस कुंपणापाशीच उभा होता. त्याने पाईप पेटवला.

पुढे तर गंमतच झाली, म्हणजे आम्हाला रडवणारी गंमत. तपकिरी टोकाच्या हिरव्या बाह्यांची फॅशन आली. बाजारात ढीग लागले. शाळेतल्या मास्तरणी, बसमधल्या पोरी, सगळ्यांच्या अंगावर तेच. ग्लेनिसने आपला कोट कपाटात टाकला. खरा कोट घालून बाहेर जावं तर लोक म्हणायचे, अरे वा, तुम्हीपण घेतलात वाटतं!

एडमंड आणि रोझ वेगळे झाले. खरंच एडमंडचं बाहेर काही होतं, की सगळ्यांनी इतकं म्हटल्यावर झालं, ते मला कळलं नाही. कठड्याजवळचे लोक हळहळले आणि दुसऱ्या राजपुत्राच्या दारात आम्हा शिड्यांना बांधून मोकळे झाले. रोझ कुठेशी परदेशात निघून गेली. ग्लेनिस कधीमधी विचारायची, "अख्खा फोटो आणणार होतास ना, मॉरी?"

"आणतो. जरा निवळू दे."

सगळं निवळलं तेव्हा मॉरिस निवृत्त झाला होता आणि ग्लेनिस आजारी पडली होती. आजारात माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो तशी ती त्या हाताला धरून बसली. तेव्हा कुठे म्हातारा वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. कचेरी दुसरीकडे हलली होती, आणि हलवताना जुन्या फोटोंच्या पेट्या भंगारात काढल्या होत्या. मूळ फोटो गेला होता. उरला होता तो फक्त कापलेला.

इस्पितळातून येऊन तो माझ्याच खालच्या पायरीवर बसायचा आणि स्वतःशी बोलायचा. तिथलं जे कळलं ते असं. ग्लेनिस येणाऱ्याजाणाऱ्या परिचारिकेला सांगायची, रोझने धरला तो हात माझा होता. परिचारिका उशी सारखी करत म्हणायची, "हो हो, आजी, तुमचाच." शेवटी एक दिवस मॉरिस खुर्चीवरून उठला, ताठ उभा राहिला. "खरं सांगतेय ती. फोटो मी काढलाय. ती माझी बायको आहे."

परिचारिकेने त्याच्याकडेही तसंच गोड हसून बघितलं. "हो का आजोबा? छान. चहा घेणार?"

"तू बोललास, मॉरी," ग्लेनिस म्हणाली. "पण फार उशिरा बोललास रे." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि फार दिवस ती राहिलीही नाही.

ती गेल्यावर मॉरिसने मला खिडकीपाशी उभं केलं. एका बाजूने खाली आलेले पडदे त्याला सरळ करायचे होते. पहिल्या पायरीवर चढला, दुसरीवर पाय ठेवला आणि थांबला. ज्या पायांनी राजवाड्याबाहेर उन्हापावसात तग धरला, ते लटपटायला लागले. खाली उतरला आणि मला तशीच सोडून दिलं. मागच्या महिन्यात त्याला वृद्धाश्रमात नेलं. पडदे आहेत तसेच तिरपे आहेत.

आज सकाळी धर्मादाय दुकानातले दोघंजण आले, एक टकला गृहस्थ आणि एक जाड चष्म्याची बाई. बाईने कपाट उघडून तो हिरवा कोट बाहेर काढला.

"अरे, हे बघ! त्या रोझच्या फोटोतल्यासारखा! आठवतं?"

"न आठवायला काय झालं? माझ्या आईकडेही होता. तेव्हा सगळ्याच बाया असली नक्कल करायच्या."

"ठेवायचा का विकायला?"

"कसर लागलीय. चिंध्यांत टाक."

तिने टाकला. मी तीन पावलांवर उभी होते. ओरडायला जीव तुटत होता, पण शिडी आहे मी.

आता मला न्यायला येतील. कपाळावरचं 'टॅपली' खरवडून काढतील आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरात देतील, नाहीतर भंगारात. मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. थोरामोठ्यांचा फोटो बघाल तेव्हा कडेला एखादी बाही, एखादा खांदा राहिलेला दिसेल. तो कोणाचा, एवढं मनात तरी विचारा. उत्तर मिळणार नाही. मी सगळं पाहिलं, ऐकलं, आणि तरी तिच्या कामी आले नाही. तिच्या पडद्यांच्यासुद्धा.