उष्टी तबकडी

मी तबकडी बोलतेय. नाक मुरडू नका, माझ्या अंगाला साल्साचा, त्या तिखट टोमॅटोच्या चटणीचा, वास येतो हे मला ठाऊक आहे. टेक्सासमधल्या शुगर लँडला एका घरात फ्रिजच्या डोक्यावर मी पडून असते, आणि मला माझीच शिसारी येते. काठ वेडेवाकडे वर वळलेले, पोटात हळदीचा डाग. एके काळी मी सपाट होते, काळी कुळकुळीत होते आणि वाजत होते.

माझा जन्म जर्मनीतल्या, ऱ्हाइन नदीकाठच्या एका शहरातला. युद्धात ते शहर जमीनदोस्त झालं होतं. पोटाला पाव नाही, खिडकीला काच नाही, आणि तिथल्या रेडिओ केंद्राने काय काढावं, तर वाद्यवृंद! वादक ओव्हरकोट घालून वाजवायचे. बोटं मोकळी राहावीत म्हणून हातमोज्यांची टोकं कापायचे. सभागृह तापवायला ऐकणारेच घरून कोळसा आणायचे. पुढे दिवस पालटले, नवं सभागृह झालं, वाद्यवृंदाचं नाव झालं. तेव्हाच्या एका मैफलीच्या रेडिओने मोजक्या तबकड्या काढल्या. त्यातली मी एक.

माझ्यात एकच खोट होती. संथ भागात सगळी व्हायोलिनं श्वासाइतकी हळू होतात, आणि नेमकी तिथे श्रोत्यांतली एक बाई खोकते. दोनदा. घासात आलेल्या केसासारखा तो खोकला मी वर्षानुवर्षं बाळगला.

ती बाई म्हणजे पद्मजा. नवरा बाळ, पुण्याचा इंजिनिअर, तिथल्या कारखान्यात शिकायला गेलेला. बाळकाकांनी मला विकत घेतलं तेही तिला चिडवायला. "ही तुझी पहिली जाहीर मैफल," म्हणाले. पुढे दोघं अमेरिकेत आली, वैदेही झाली, आणि ती पाळण्यात असतानाच पद्मजा गेली. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीच खूण मागे उरली नाही. काका मला लावायचे ते त्या खोकल्यासाठी. तेवढा झाला की सुई उचलायचे. एवढा नावाजलेला वाद्यवृंद, आणि यांना हवा खोकला! मला किळस यायची.

वैदेही कधीतरी विचारायची, "बाबा, आईचा व्हॉइस कसा होता?"

"ऐकवीन एकदा," काका म्हणायचे. त्यांचा धीरच व्हायचा नाही. मग प्लेअर बिघडला आणि मी गॅरेजमधल्या खोक्यात गेले. जुन्या वायरी, कॅसेटी आणि मी. तिथल्या दमट उन्हाळ्यात झुरळांनी माझ्या कव्हरवर संसार थाटला.

२००७ साली काकांची बायपास झाली. हॉस्पिटलमधून त्यांनी लेकीला फोन केला, "गॅरेजमधलं ते खोकं आवर. बाकी सगळं देऊन टाक, तबकडी तेवढी ठेव. घरी आलो की लागेल."

वैदेहीने आयसेलिनला राहणाऱ्या सुवर्णामावशीला फोनवर विचारलं, "मावशी, तबकडी म्हणजे काय गं?"

"लहान तबक. हळदीकुंकवाचं असतं ना, ते."

मावशीचं तरी काय चुकलं? पण खोक्यात तबक कुठून सापडणार? वैदेही रडकुंडीला आली. आईचंच असणार ते, आणि आपण हरवलं. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने युक्ती सांगितली, जुनी रेकॉर्ड ओव्हनमध्ये मऊ केली की हवा तो आकार देता येतो.

त्या ओव्हनबद्दल मी बोलणार नाही.

काका यायच्या आदल्या दिवशी घरी पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायची पंगत. "सो क्रिएटिव्ह यार," म्हणत कुणीतरी माझ्यात साल्सा ओतला. चिप बुडवायची, अर्धी चावायची, तीच उष्टी चिप पुन्हा बुडवायची. लहानपणी उष्टंखरकटं पाळायला शिकलेली ही माणसं! त्यांची लाळ माझ्या खाचांतून ओघळत होती, त्याच खाचांतून, जिथे व्हायोलिनं होती.

दुसऱ्या दिवशी मला घासूनपुसून, हळदकुंकू घालून वैदेहीने काकांसमोर धरलं. "बाबा, तुमची तबकडी सापडलीच नाही. आय ॲम सो सॉरी. म्हणून मी ही बनवली, तुमच्याच जुन्या रेकॉर्डची."

काकांनी माझ्या वळलेल्या काठावरून बोट फिरवलं. "रेकॉर्डलाच तबकडी म्हणतात, बाळा," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "यात तुझी आई खोकली होती."

तिला काही कळेना. काकांनी सगळं सांगितलं. तिने हळदकुंकू पुसून काढलं आणि मला कानाला लावलं. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं.

यंदा, २००८ मध्ये, जर्मनीतल्या जुन्या मित्राने काकांना कळवलं की रेडिओवाले तो वाद्यवृंद शेजारच्या शहरातल्या वाद्यवृंदात मिसळून टाकणार आहेत. काटकसर म्हणे. म्हणजे तिकडेही ओव्हन पेटलाय.

घरात कुणी नसलं की वैदेही अजून मला खाली उतरवते आणि खाचांवरून नख फिरवते. खरखर होते, बस. लोकहो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण असेल तर तिला भांडं करण्याआधी एकदा ऐका. माझं संगीत गेलं त्याचं मला आता काही वाटत नाही. ती सगळी व्हायोलिनं न्या हवी तर. त्या पोरीसाठी मला एकदा खोकता यायला हवं होतं.