मीच बॅग भरलो

देवस्थळींचा पाय मोडल्याचं कळलं तेव्हा नागनाथ तालमीच्या खोलीत खुर्च्या मांडून रंगमंचाचं माप लावत होता. प्रयोग नऊ दिवसांवर आला होता. दिग्दर्शक सुहास डोकं धरून बसला. देवस्थळींची वडिलांची भूमिका दोनच प्रवेशांची होती, पण परदेशात मुलगा अपघातात गेल्याचं वडील सुनेला सांगतात, त्या प्रवेशावर सगळा पहिला अंक उभा होता. नऊ दिवसांत पाठ कोण करणार? सुनेचं काम करणारी शाल्मली म्हणाली, "नागनाथकाकांना सगळं पाठच आहे की."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

सोळा वर्षं तो बंगलोरच्या मराठी मंडळाच्या नाटकांना विंगेतून प्रॉम्प्टिंग करत होता. पडदा ओढायचं काम त्याचं, बनशंकरीतल्या ओळखीच्या घरांतून पलंग आणि कपाटं मागून आणायचं कामही त्याचंच. एरवी तो सरकारी कारखान्यात स्टोअर्सचा क्लार्क होता. पणजोबांपासून त्याचं घराणं इथलंच. मराठी उरली होती ती स्वयंपाकघरात आणि सणावारी. उंबरा ओलांडला की कन्नड. लहानपणी त्याला वाटायचं, ही फक्त आपल्याच घरातली भाषा असावी. मग तरुणपणी त्याने मंडळाचं एक नाटक पाहिलं. तीनशे माणसं अंधारात बसून तीच भाषा ऐकत होती, एकाच वाक्याला श्वास रोखत होती. प्रयोग संपल्यावर तो बराच वेळ खुर्चीतून उठला नाही. पुढच्या आठवड्यात मंडळात जाऊन म्हणाला, काही काम असेल तर सांगा.

पहिल्या तालमीला त्याने वाक्यं पुस्तकातल्यासारखी म्हटली. एक काना चुकला नाही, पण एकही शब्द जिवंत झाला नाही. सुहास पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर कंपनीत आलेला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, पाठ म्हणू नका. घरी बोलता तसं बोला."

संहितेत होतं, मीच त्याची बॅग भरली, मीच त्याला जाऊ दिलं. नागनाथ घरच्यासारखं बोलला, "मीच त्याची बॅग भरलो. मीच त्याला जाऊ दिलो." त्याच्या घरात सगळे असंच बोलत. थोरला भाऊ भिलाईला नोकरीवर असताना गेला, तेव्हा वडील दारात बसून याच बोलीत रडले होते. ते आठवलं आणि नागनाथचा आवाज आपोआप खाली आला. खोलीतल्या दोघातिघांनी तोंड फिरवलं. शाल्मलीने ओढणी तोंडाला लावली. डोळे पुसताहेत, असं नागनाथला वाटलं.

"हेच ठेवा," सुहास म्हणाला. "अगदी हेच."

घरी आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बायको प्रेमा हिने ट्रंकेतलं जुनं धोतर काढून धुतलं. मुलगी अंजली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती; रोज संध्याकाळी ती पुस्तक धरून सुनेची वाक्यं म्हणायची आणि 'अण्णा, इथं स्वल्प थांबा' असं सांगायची. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनाही तिने प्रयोगाला बोलावलं. दोघी पुण्याच्या, कोरमंगलात राहणाऱ्या.

पाच नोव्हेंबर, रंगभूमी दिन, त्या वर्षी, पंच्याण्णव साली, रविवारीच आला. हॉल भरला. नागनाथ आत गेला, सुनेसमोर बसला आणि बोलू लागला. "मीच त्याची बॅग भरलो," तो म्हणाला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. त्याला वाटलं धोतर सुटलं. त्याने हळूच हात लावून पाहिलं, त्यावर आणखी हसू आलं. पुढच्या वाक्याला अर्धा हॉल हसला. मुलगा गेल्याचं तो सांगत होता. थांबायचं कुठे हे त्याला कळेना, म्हणून तो सगळं शेवटपर्यंत बोलला. टाळ्या पडल्या, देवस्थळींना कधी मिळाल्या नसत्या इतक्या.

नाटक संपल्यावर सुहासने त्याला मिठी मारली. पहिला अंक फार जड होता, तुम्ही लोकांना श्वास दिलात, असं काहीसं तो म्हणाला.

नागनाथने विचारलं, "हसतील म्हणून तुम्हाला आधीच ठाऊक होतं काय?"

"हसणं वाईट नसतं, काका," सुहास म्हणाला आणि शाल्मलीचं कौतुक करायला वळला.

मग अध्यक्षांचं भाषण झालं. नाटक जगलं तर भाषा जगते, ते म्हणाले. परमुलखात चार माणसं एका पडद्यासमोर बसतात तेव्हा तेवढ्यापुरतं आपलं गाव वसतं. विंगेत उभ्या नागनाथला त्यातला शब्दन् शब्द खरा वाटला. त्याला कुणी बोलायला सांगितलं असतं तर तो हेच बोलला असता. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. विशेष विनोदी भूमिकेसाठी शाल आणि नारळ. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, ते बॅगचं होऊ द्या पुन्हा." अध्यक्षांनी हसत माइक पुढे केला.

नागनाथने माइक हातात घेतला. "मीच त्याची बॅग भरली," तो म्हणाला. "मीच त्याला जाऊ दिलं."

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, अहो तसं नाही, मघासारखं. त्याने माइक परत दिला, नमस्कार केला आणि खाली उतरला.

तुझे बाबा किती क्यूट बोलतात, असं हॉलबाहेर मैत्रिणींपैकी एक अंजलीला म्हणाली. ते प्रेमाच्याही कानावर पडलं.

त्यानंतर अंजली घरात कन्नड बोलू लागली. आधी फोनवर, मग आईशी. नागनाथला वाटलं, परीक्षा जवळ आलीय, कॉलेजची सवय असेल. तो मराठीत विचारायचा, ती कन्नडमध्ये उत्तर द्यायची. अण्णाचं अप्पा झालं. एकदा त्याने तिला कारण विचारलं.

"आपलं मराठी मराठी नाही, अप्पा," ती म्हणाली. तेवढं मात्र ती मराठीत बोलली.

हळूहळू प्रेमाही कन्नडवर आली. तिचं बोलणं काय ते लेकीशीच असायचं.

पुढच्या वर्षी सुहासने विनोदी नोकराची भूमिका देऊ केली. नागनाथने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. प्रॉम्प्टिंगला मात्र तो गेला. नाटकावर त्याचा राग नव्हता; त्या भूमिकेत नवा आलेला मुलगा अडखळला की तो विंगेतून नेमका शब्द पुरवत होता, पुस्तकातला, शुद्ध.

एका तालमीहून तो घरी येऊन बाहेरच्या खोलीत बसला होता. आत ताटं मांडून झाली होती.

"अप्पा, ऊटक्के बन्नी," अंजलीने जेवायला हाक मारली.

आलो, असं मराठीत त्याच्या तोंडाशी आलं होतं.

"बंदे," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.